सातवीच्या वर्गात नेमकं काय शिकवतात, ते आईवडिलांनी कसं समजून घ्यावं?

गडहिंग्लजची_माई:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. पाचवीपर्यंत मीच तिचा अभ्यास घेत होते. सहावीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आलं आणि मी मागे पडले. मी मराठी माध्यमातली, बारावी झालेली. वही उघडली की 'इन्व्हर्स प्रपोर्शन', 'रिमोट इंटीरिअर अँगल' असले शब्द दिसतात आणि मी वही मिटून ठेवते.

पालकसभेत वाट्याला दोन मिनिटं येतात. "ठीक आहे, थोडं लक्ष द्या" एवढंच ऐकून परत यायचं. लक्ष कशाकडे द्यायचं? प्रगतिपुस्तकात आकारिक, संकलित आणि शेवटी एक श्रेणी. त्यावरून मला काहीच बोध होत नाही.

शिकवणी लावावी का, हे मी विचारत नाहीये. ती काय शिकते ते मला कळायला हवंय. मागच्या आठवड्यात जेवताना मी विचारलं, आज काय झालं वर्गात? तर म्हणाली, "आई, तुला नाही कळायचं ते." चिडून नव्हती बोलली, सहजच म्हणाली. ते मनातून जात नाही. तुमच्या घरी तुम्ही काय करता, कृपया सांगा.

वर्गातला_फळा:
माई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. आजच करता येईल असं एक सांगतो. बालभारतीच्या संकेतस्थळावरून सातवी गणिताच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकाची पीडीएफ उतरवून घ्या, पैसे लागत नाहीत. मुलीचं इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवा. धडे तेच, क्रम तोच, उदाहरणंही तीच. तिच्या पुस्तकात 'प्रॅक्टिस सेट' म्हणून जो आकडा आहे, तोच मराठीत 'सरावसंच' म्हणून सापडेल. इन्व्हर्स प्रपोर्शन म्हणजे आपलं व्यस्तप्रमाण. एचसीएफ-एलसीएम म्हणजे मसावि-लसावि. रिमोट इंटीरिअर अँगल म्हणजे दूरस्थ आंतरकोन. तुम्ही शाळेत हे सगळं केलेलं आहे, फक्त नावं बदलली आहेत.

आता आकारिकबद्दल. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवीला विषयाच्या 100 गुणांपैकी 40 आकारिक आणि 60 संकलित. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय असं वर्षभराचं काम येतं. त्यामुळे पुढच्या पालकसभेत "कशी आहे अभ्यासात?" असं विचारू नका, त्याला "ठीक आहे" हेच उत्तर येणार. "आकारिकमध्ये तिचे गुण कशात गेले, तोंडी कामात की स्वाध्यायात?" असं विचारा. शिक्षकाला नोंदवही उघडून सांगावंच लागतं. मी स्वतः पालकांच्या अशा प्रश्नाची वाट पाहत असतो, वर्षाकाठी दोघंतिघंच विचारतात.

आणि पुस्तकाची सुरुवातीची पानं कुणी वाचत नाही. तिथे 'अध्ययन निष्पत्ती' दिलेल्या असतात. वर्षअखेर मुलाला काय करता यायला हवं, ते त्यात लिहिलेलं असतं. भाषा जरा सरकारी आहे, पण चहा पिता पिता वाचून होईल.

दोन_लेकरांची_आई:
सरांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. मुलगा समीकरणं सोडवत होता. मी आपली जुनी रीत सांगितली, संख्या पलीकडे गेली की चिन्ह बदलतं. त्याला शाळेत तसं शिकवलंच नव्हतं. तिथे तराजू काढून शिकवतात. एका पारड्यातून 3 काढले तर दुसऱ्यातूनही 3 काढायचे, म्हणजे तराजू समतोल राहतो. माझी रीत आणि शाळेची रीत यांत तो असा अडकला की चाचणीत साधी उदाहरणंही चुकली. वाईट याचं वाटलं, की 'चिन्ह का बदलतं' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्याच्या वहीतल्या तराजूत ते होतं.

तेव्हापासून आधी त्याला म्हणते, "तुमच्या मॅडमनी कसं सांगितलं ते दाखव." तो दाखवतो, मी मध्ये बोलत नाही. कुठे अडखळला की तिथेच त्याचं कच्चं आहे हे दोघांनाही कळतं.

सीबीएसईवाले_बाबा:
आमच्याकडे सीबीएसई. एनसीईआरटीची सहावीची पुस्तकं 2024 साली बदलली, सातवीची 2025 साली. थोरल्या मुलीची पुस्तकं धाकट्याला उपयोगी पडली नाहीत. त्यामुळे "ताईला असं नव्हतं" हे वाक्य आम्ही घरात बंद केलं. नवी पुस्तकंही संकेतस्थळावर मोफत आहेत.

वर्गातला_फळा:
एक राहिलं. आठवीला आता वार्षिक परीक्षेचं महत्त्व वाढलंय. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात. म्हणून सातवीचं गणित या वर्षीच नीट पाहून घ्या. आठवीत चलन (म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते), बैजिक राशींचे अवयव, चक्रवाढ व्याज येतं. सातवीतलं समप्रमाण-व्यस्तप्रमाण आणि सरळव्याज पक्कं असेल तर तिला जड जाणार नाही.

गडहिंग्लजची_माई:
सर, ताई, मनापासून आभार. काल रात्री काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मराठी पुस्तक मोबाईलवर उतरवलं. व्यस्तप्रमाणाचा धडा काढला आणि लेकीला म्हटलं, मला शिकव. आधी तिला हसू आलं. मग वहीच्या मागच्या पानावर उदाहरण घातलं, 5 मजूर एक काम 12 दिवसांत करतात तर 6 मजूर किती दिवसांत करतील? मी विचार करतेय तोवर तिचे बाबा हात धुऊन येता येता म्हणाले, "दहा."

हे गवंडीकामाचे ठेके घेतात. शिक्षण नववीपर्यंत. मुलीची वही त्यांनी कधी हातात घेतलेली नाही, "ते इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं" म्हणून. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, कसं केलंत?" तर म्हणाले, "पाच माणसांचे बारा दिवस म्हणजे साठ हजेऱ्या. सहा माणसं लावली की प्रत्येकाच्या वाट्याला दहा." तिनं वहीत 5 × 12 = 60 आधीच मांडलेलं होतं. त्या 60 ला 'हजेरी' म्हणतात, हे तिला पहिल्यांदा कळलं.

मग खाली बसले आणि म्हणाले, "पण चार फुटांच्या भिंतीवर सहा गवंडी उभे केलेस तर दहा दिवसांत होणार नाही हां. एकमेकांच्या हातात हात येतात. प्रत्येकाला जागा असली तरच हा हिशोब." आज ती शाळेत बाईंना हे विचारून आली. बाई म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, सगळे सारख्याच वेगानं काम करतात असं आपण उदाहरणात धरून चालतो. घरी आल्या आल्या दप्तरही न काढता तिनं बाबांना फोन लावला.

आता रविवारी भूगोल घ्यायचा ठरलाय, भरती-ओहोटी. आम्ही घाटावरचे, समुद्र एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला. पुस्तकात उधाणाची भरती आणि भांगाची भरती असं दिलंय. कुणी कोकणातलं सांगेल का?

मालवणी_वल्हं:
माई, आम्ही मालवणचे, घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. तुमच्या लेकीला सांगा, ते शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातले. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एकाच रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात, पाण्याची चढउतार कमी. तो भांग. एका भरतीपासून दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. माझ्या वडिलांना घड्याळ लागत नाही, तिथी विचारतात आणि होडी कधी काढायची ते सांगतात.

लेकीला कॅलेंडर घेऊन बसवा. अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्यांना खूण करायला सांगा, आणि पुढचं उधाण कुठल्या तारखेला ते तिलाच काढू दे. तारीख इथे लिहा. त्या दिवशी बंदरावरून भरतीचा आणि ओहोटीचा असे दोन फोटो काढून टाकतो, एकाच पायरीवर उभा राहून.