मदत हवी आहे : गेममध्ये जुने नाट्यपद वापरण्यासाठी परवाना आणि करार कसा करावा?

नमस्कार.

मी आणि माझा एक मित्र, नोकरी सांभाळून, 1930 च्या दशकातील फिरत्या नाटक मंडळीवर एक छोटा गेम तयार करत आहोत. तो स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानावर भारताबाहेरही विकायचा आहे. त्यातील एका प्रवेशात खेळाडू पडद्याची दोरी ओढतो, ऑर्गनचे सूर सुरू होतात आणि ‘संगीत मानापमान’मधील एक पद ऐकू येते. सगळा गेम या प्रवेशाभोवती उभा असल्यामुळे तिथे विकतचे तयार संगीत बसवण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

शब्द आणि चाल यांची अडचण दिसत नाही. नाटक 1911 साली रंगभूमीवर आले. पदे लिहिणारे खाडिलकर 1948 मध्ये आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये निवर्तले. मृत्यूनंतरची 60 वर्षे धरली, तर भारतात दोन्हींवरचा प्रताधिकार (कॉपीराइट) 2015 अखेर संपला आहे.

खरा पेच ध्वनिमुद्रणाचा आहे. आमच्याकडे 1930 च्या दशकातील एक तबकडी आहे, जिच्या खरखरीतून येणारा आवाज त्या प्रवेशाला अगदी शोभतो. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर 60 वर्षे संरक्षण असते, त्यामुळे इथे ती केव्हाच मुक्त झाली आहे. अमेरिकेत मात्र 2018 च्या कायद्याने 1923 ते 1946 या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे संरक्षण दिले आहे. एका संगीत कंपनीकडे आम्ही परवान्याची चौकशी केली, तेव्हा फक्त दोन वर्षांच्या मुदतीचा प्रस्ताव आला. गेम वर्षानुवर्षे विक्रीला राहतो; ‘ॲलन वेक’सारखा नावाजलेला गेमसुद्धा गाण्यांचे परवाने संपल्यामुळे 2017 मध्ये विक्रीतून काढावा लागला होता आणि 2018 मध्ये परवाने पुन्हा मिळाल्यावरच परत आला. आमच्यासारख्यांना असा फटका झेपणारा नाही.

म्हणून गायिका, ऑर्गन आणि तबला यांच्यासह तेच पद नव्याने ध्वनिमुद्रित करून घेण्याकडे आमचा कल आहे. खर्च आणि जबाबदारी आमची असेल, तर निर्माते म्हणून ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार आमच्याकडे येतो; पण कलाकारांचे हक्क वेगळे असतात आणि त्यांना योग्य मोबदला मिळावा, हे आम्हाला मनापासून वाटते. प्रताधिकार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही व करारात तशी सूट नसेल तर तो संपतो. आमचा गेम वर्षभरात पूर्ण होणार नाही, त्यामुळे ही शेवटची अट मला सर्वांत धोक्याची वाटते.

ज्यांनी गेमसाठी किंवा लघुपटासाठी गायक-वादकांशी असे करार केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे, की मुदत, प्रदेश आणि वर्षभराची अट यांविषयी त्यांनी नेमके काय लिहून घेतले. एकरकमी मानधनाबरोबर विक्रीतील हिस्सा द्यायचा झाल्यास हिशेब कसा ठेवता? नवे ध्वनिमुद्रण जुन्या तबकडीशी मिळतेजुळते असल्यामुळे गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या यूट्यूब व्हिडिओंवर प्रताधिकाराचे चुकीचे दावे आले, तर त्यांच्यासाठी आधीच कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत? आणि पुण्यामुंबईत प्रताधिकाराचे काम पाहणारा, लहान निर्मात्यांना परवडेल असा वकील माहीत असल्यास व्यक्तिगत संदेशातून जरूर कळवावे.