आचारसंहितेत बंदूक नेमकी कुणाची जमा होते?

कातळावरचा:
काल इथे एकाने लिहिलं, "सामान्य माणसाला बंदूक हवीच कशाला? सगळे परवाने रद्द करा, शस्त्र फक्त पोलिसांकडे राहू द्या." वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या घरी वडिलांपासून शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. एक बार काढला की पुन्हा दारू भरा, गजाने ठासा, केप लावा, तोवर डुक्कर व्हाळापलीकडे. १५ ऑक्टोबर २०२४ ला आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करायचा निरोप आला. भात कापणीला आलेलं. चार रात्री पत्र्याचे डबे बडवत काढल्या. पाचव्या रात्री डोळा लागला. सकाळी खालचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, पार लोळवलेला, लोंब्या चिखलात रुतलेल्या. त्याच आठवड्यात प्रचाराला आलेल्या पुढाऱ्यामागे चार बंदूकवाले उभे होते.

१८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा आठवा. देशी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तोच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली, तर ती फेटाळली. सत्ता नसताना जो हक्क होता, तो सत्ता येताच धोका झाला.

मृणाल द.:
फेटाळली ते योग्यच केलं. बीडमध्ये सरपंचाच्या खुनानंतर काय बाहेर आलं? एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! ते काय सगळे भात राखत होते? फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवकाला कॅमेऱ्यासमोर गोळ्या घातल्या, त्या खासगी अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलातून, असं पोलिसांनीच सांगितलं. परवाना घरात आला की बंदूक कुणाच्या हातात जाईल याची खात्री कोण देणार?

कातळावरचा:
माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत. बीडचे परवाने कुणी दिले? सरकारनेच ना? आणि त्याच फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला आणि अटक झाली सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला. शिक्षा मात्र डुक्कर हाकलणाऱ्याला.

माजी अंमलदार:
मी ३१ वर्षं खात्यात काढली. निवडणुकीत एक बंदूक सुटली आणि गावात राडा झाला, तर जाब ठाणेदाराला विचारतात, तुम्हाला नाही. म्हणून सरसकट जमा करून घेतात.

कातळावरचा:
सरसकट घ्यायची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. छाननी समितीने एकेक परवानाधारक बघून ठरवायचं असतं. माझ्यावर आयुष्यात एक गुन्हा नाही.

माजी अंमलदार:
निकाल मला माहीत आहे. समिती बसते, यादी जुनीच पुढे सरकते, हे मान्य करतो. तेवढंच.

रानवाट:
मूळ मुद्दाच चुकतोय. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. आणि जंगल साफ करून काजू, रबर तुम्हीच लावलंत. ते जनावर जाईल कुठे?

कातळावरचा:
रबर मी लावलं नाही, माझी जमीन सव्वा एकर आहे. आणि मारायचं कोण म्हणतंय? हवेत बार काढला की कळप पळतो. एकदा जागलीला येऊन बसा, मग शिकवा.

रानवाट:
अरेरावी नको. मीही शेतकऱ्याच्याच घरचा आहे.

धुऱ्यावरून:
तुमच्याकडे बंदूक जमा तरी होते. आमच्याकडे वऱ्हाडात परवाना मागायला गेलं की कागदावर कागद. मग लोक काय करतात? रात्री तारेत करंट सोडतात. दोन हंगामांपूर्वी माझा चुलतभाऊ पहाटे पाणी द्यायला निघाला आणि शेजाऱ्याच्या तारेला चिकटला. हातातली बॅटरी सकाळपर्यंत तशीच चालू होती. शेजारी जेलात गेला, दोन घरं बसली. रानवाट, त्याच्याकडे एक साधी बंदूक असती तर ती तार लागली असती का?

रानवाट:
वाईट झालं. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण उपाय वेळेवर भरपाई आणि कुंपण हाच आहे.

धुऱ्यावरून:
पंचनाम्याला माणूस येईपर्यंत नांगरट होते.

मृणाल द.:
शेतकऱ्याची बंदूक वेगळी, हे मी मान्य करते. पण तिच्या आडून शहरातल्या पिस्तुलांना वाट देऊ नका. २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्ती विधेयकात आधी माणशी एकच शस्त्र ठेवायचं होतं. हरकती आल्या आणि दोन झाली. त्या हरकती सव्वा एकरवाल्याच्या होत्या का?

कातळावरचा:
नव्हत्या. पण कर्नाटकात कोडगूतल्या कोडवा समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे विश्वास ठेवता येतो. ठेवायचा कुणावर, ते सरकार ठरवतं. वाढदिवसाला तलवारीने केक कापला की पोराला उचलतात, आणि व्यासपीठावर तीच तलवार पुढाऱ्याला भेट देतात, तेव्हा बंदोबस्ताचा पोलीस बाजूला उभा असतो.

माजी अंमलदार:
तो पोलीस मीही होतो. नोंद घ्या असं वर कळवलं होतं. वरून काही आलं नाही.

मृणाल द.:
तुमची बंदूक परत मिळाली का?

कातळावरचा:
निकाल २३ नोव्हेंबरला लागला. बंदूक डिसेंबरात मिळाली, चापाला गंज चढलेला. भात त्याआधीच संपलं होतं.