बेसचा जुना टोन परत आणायचाय, पण स्पेक्ट्रममध्ये एकच सेटिंग दर वेळी वेगळी दिसते

खर्ज४१:

मंडळी, तीन महिन्यांपूर्वी घरी एका गाण्याचा बेस (बेस गिटार) रेकॉर्ड केला होता. आता मधल्या कडव्याची चाल थोडी बदलली, त्यामुळे तेवढाच तुकडा नव्याने वाजवून जुन्यात बसवायचाय. बेस चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला), जाझ पद्धतीचा: दोन पिकअप (तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारी वेटोळी), दोन व्हॉल्यूम, एक टोन. सेटिंग वहीत लिहून ठेवली होती. नेक (मानेकडचा) पिकअप पूर्ण, ब्रिज (तारा बुडाशी टेकतात त्या पट्टीकडचा) पिकअप पाऊण, टोन निम्मा. तारा त्याच, केबल तीच, इंटरफेसच्या (बेस संगणकाला जोडणाऱ्या डबीच्या) गेनला तर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती. तरीही नवा तुकडा सुरू झाला की लगेच कळतं. जुना आवाज गोल, भरीव. नवा जरा नाकातून आल्यासारखा.

कानाने जुळवायचा तीन संध्याकाळी प्रयत्न केला. दहा मिनिटांनी कान थकतात आणि सगळंच सारखं वाटायला लागतं. म्हणून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकड्यांचा प्लॉट स्पेक्ट्रम (कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे याचा आलेख) काढला आणि तिथे आणखी गोंधळलो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पण ४१ ला टोक दिसतच नाही, नुसता पसरट ढिगारा दिसतो. नॉबला हात न लावता तीच ई पाच वेळा छेडली, तर पाच आलेख पाच तऱ्हेचे. ७०० हर्ट्झच्या आसपास एकदा शिखर, एकदा खड्डा. आणि तोच आवाज स्पॅन या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या प्लगइनमध्ये बघितला तर वरच्या फ्रिक्वेन्सी ऑडॅसिटीपेक्षा कितीतरी उंच. खरं कोणाचं मानू?

मला सुंदर चित्र नकोय. कुठला नॉब फिरवला की आवाजातलं नेमकं काय हलतं, याचा एक भरवशाचा नकाशा हवाय. असं कोणी केलंय का?

जोडणी:

आधी ढिगारा आणि स्पॅन, ते दोन्ही लवकर सुटतील.

प्लॉट स्पेक्ट्रममध्ये साइझ (एका वेळी किती सॅम्पलचा तुकडा तपासायचा) नावाचा पर्याय आहे, तो मुळात २०४८ वर असतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २०४८ म्हणजे आलेखातले दोन शेजारचे बिंदू २१.५ हर्ट्झ अंतरावर. वर हान विंडो (तपासायच्या तुकड्याच्या कडा हळूहळू विझवणारं गणित) एकेका सुराचं टोक चार बिंदू रुंद करते, म्हणजे ८६ हर्ट्झ. तुमचा ४१ चा मूळ स्वर आणि त्याचा ८२ चा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतला सूर) त्या रुंदीत एकमेकांत विरघळणारच. गिटारला हे खपून जातं, बेसला नाही. साइझ १६३८४ करा, बिंदूंमधलं अंतर २.७ हर्ट्झवर येईल आणि प्रत्येक हार्मोनिक काडीसारखा सुटा दिसेल. अक्ष लॉग ठेवा. ६५५३६ पर्यंतही जाता येतं, पण मग तपासायचा एकेक तुकडा दीड सेकंदाचा होतो. तेवढ्यात बेसचे वरचे हार्मोनिक विझलेले असतात, आणि छेडल्याचा क्षण व मागची आस यांची सरासरी तेवढी दिसते.

स्पॅन खोटं बोलत नाही. त्यात मुळातच दर सप्तकाला ४.५ डेसिबलचा चढ दिलेला असतो, पूर्ण मिक्स डोळ्याला सपाट दिसावा म्हणून. ४१ हर्ट्झपासून ४ किलोहर्ट्झपर्यंत साडेसहा सप्तकं होतात, म्हणजे जवळजवळ ३० डेसिबलचा फरक निव्वळ चित्रातला. सेटिंगमध्ये स्लोप शून्य करा, दोन्ही जुळतील.

तांबटतार:

खरी अडचण तुमच्या तिसऱ्या निरीक्षणात आहे, ते पाच वेगळे आलेख. तुम्ही तार छेडता तेव्हा आलेखात तुमचं बोट, तारेचं वय, बोट पडलं ती जागा, पिकअपची जागा, नॉब, केबल असं सगळं एकत्र उमटतं. त्यातून नॉब वेगळा काढायचा तर एकाच आलेखाकडे बघून भागत नाही. दोन आलेख काढायचे, मध्ये फक्त नॉब हलवायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. जे दोन्हीकडे सारखं आहे ते वजाबाकीत जातं, मागे नॉब उरतो.

वजाबाकी सोपी आहे. प्लॉट स्पेक्ट्रमच्या खिडकीत एक्सपोर्टचं बटण आहे, त्यातून फ्रिक्वेन्सी आणि डेसिबल अशा दोन रकान्यांची फाइल मिळते. साइझ दोन्ही वेळी तीच ठेवली तर ओळी जुळतात. दोन्ही फाइली स्प्रेडशीटमध्ये शेजारी ठेवा, तिसऱ्या रकान्यात फरक काढा, त्याचा आलेख काढा. नॉर्मलाइझ मात्र करू नका. ऐकून तुलना करताना दोन्हींचा मोठेपणा जुळवावाच लागतो, इथे तो जुळवलात तर नॉबने किती खाल्लं तेच पुसलं जाईल.

आता पाचही वेळा सारखी तार छेडणारं बोट कुठून आणायचं? मी बोट बाजूलाच केलं. इनॅमलची बारीक तांब्याची तार घेऊन अंगठ्याएवढी गुंडाळी केली, पन्नासेक वेढे. ती १०० ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकात जोडली आणि पिकअपच्या बरोब्बर वर टेपने घट्ट बसवली. तारांखाली फोमचा तुकडा, म्हणजे त्या गप्प. मग ऑडॅसिटीतच तीस सेकंदांचा पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र असलेला सरसर आवाज) बनवून त्या गुंडाळीतून सोडला, आणि बेस नेहमीसारखा इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावून रेकॉर्ड केला. गुंडाळीच्या चुंबकीय क्षेत्राला पिकअप तारेसारखाच दाद देतो. तिच्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सी मुळातच वाढीव येतात, पण त्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये सारख्याच असल्याने वजाबाकीत उडून जातात. आवाज अगदी कमीपासून वाढवत न्या. एकदा बसवलेली गुंडाळी केसभरही हलू देऊ नका, ती हलली की सगळी पातळी बदलते आणि पुन्हा पहिल्यापासून. लाइन इनपुटला लावू नका, तिथला कमी इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) पॅसिव्ह पिकअपची वरची बाजू दाबून टाकतो. साधारण १ मेगाओहमचा हाय-झी (जास्त इम्पिडन्सचा) इन्स्ट्रुमेंट इनपुटच हवा.

काय दिसेल तेही सांगतो, म्हणजे मोजमाप बरोबर चाललंय का ते कळेल. टोनचा नॉब म्हणजे २५० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि त्यामागे बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिकअपचं वेटोळं म्हणजे साधारण ४ हेन्रीचा इंडक्टर धरा. टोन पूर्ण उघडा असताना हा इंडक्टर केबलच्या कपॅसिटन्सशी जोडी जमवतो. केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, म्हणून ३ मीटरच्या केबलला उंचवटा ४ किलोहर्ट्झपाशी येतो आणि ६ मीटरची लावली तर ३ किलोहर्ट्झवर उतरतो. टोन पूर्ण बंद केला की तोच इंडक्टर ०.०४७ शी जोडला जातो. गणिताने ३६७ हर्ट्झ येतात, वेटोळ्याच्या स्वतःच्या रेझिस्टन्समुळे शिखर त्याच्याही थोडं खाली सरकतं. म्हणजे बंद टोन नुसतं वरचं कापत नाही, खालच्या मध्यात हलकासा फुगवटाही देतो. तो जुना दबका, गुबगुबीत आवाज मला फार प्रिय आहे. आलेखात तो फुगवटा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्या रात्री झोपलो नाही, सगळे कपॅसिटर काढून एकेक लावून बघत बसलो.

ठाम_पडदा:

गुंडाळीबद्दल एक भर. माझा बेस प्रिसिजन पद्धतीचा आहे, १९५७ पासून त्यात दोन तुकड्यांचा पिकअप असतो. दोन अर्धे उलट जोडलेले, घरघर मारण्यासाठी. गुंडाळी दोघांच्या मध्ये ठेवली तर सिग्नलही मरतो. एकाच अर्ध्यावर ठेवायची.

शांत_दुपार:

गुंडाळीची पद्धत सुरेख आहे, करून बघाच. पण तिला तुमचा उजवा हात दिसणार नाही, आणि तुमचं वर्णन वाचून मला संशय हाताचाच येतोय. तीन महिन्यांत नॉब बदलले नाहीत, तारा बदलल्या नाहीत, मग बदलण्यासारखं राहिलं काय?

तार जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा निश्चल बिंदू येतो, तो हार्मोनिक जवळजवळ जन्मालाच येत नाही. मोकळी तार बाराव्या फ्रेटवर छेडली की सम हार्मोनिक जातात. ब्रिजपासून तारेच्या एक चतुर्थांशावर छेडली की चौथा, आठवा, बारावा जातो. म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये बोट कुठे होतं याची खूण राहिलेली आहे. जुन्या तुकड्यात एखादी मोकळी ई सापडते का बघा. छेडल्यानंतरचा अर्धा सेकंद निवडा, साइझ १६३८४ ठेवा आणि ४१.२ च्या पटीतली टोकं ओळीने मोजत जा. कुठलं टोक शेजाऱ्यांपेक्षा खूप खाली बसलंय? पिकअपच्या जागेमुळेही असे खड्डे पडतात, पण ते जुन्या-नव्यात एकाच ठिकाणी असतील. जो खड्डा फक्त एकीकडे आहे, तो बोटाचा.

खर्ज४१:

दोन्ही केलं.

आधी गुंडाळी. पहिल्या दिवशी टेप सुटली आणि सगळं फुकट गेलं, दुसऱ्या दिवशी जमलं. फक्त ब्रिज पिकअप चालू ठेवून उघड्या आणि बंद टोनची वजाबाकी केली, तर २८० हर्ट्झपाशी पावणेदोन डेसिबलचा उंचवटा आणि पुढे सरळ घसरण. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की तोच उंचवटा ४५० च्या आसपास सरकला आणि जवळजवळ ४ डेसिबल झाला. दोन वेटोळी समांतर आली की इंडक्टन्स निम्मा होतो, त्यामुळे हे जुळतंय असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा. टोन १० वरून ५ वर आणला तर खालचं काहीच हलत नाही, वरचा उंचवटा तेवढा बसतो. मधला भाग हलायला लागतो तो ३ च्या खाली. म्हणजे मी वहीत लिहिलेला ‘निम्मा’ जरा इकडेतिकडे झाला असता तरी नाकातला आवाज त्यातून आला नसता. हे कळल्यावर नॉबशी खेळणं थांबवलं.

मग शांत_दुपार यांनी सांगितलं तसं जुना तुकडा उघडला. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक लांब मोकळी ई आहे. ४१, ८२, १२४ ठीक, आणि १६५ ला जवळजवळ काहीच नाही. ३३० लाही खड्डा. चौथा आणि आठवा! नव्या तुकड्यात दोन्ही टोकं व्यवस्थित उभी, उलट सहावा, २४७ चा, खाली बसलेला.

टेप घेऊन मोजलं. तार ८६४ मिलिमीटर, तिचा चौथा भाग २१६. ती जागा नेक पिकअप आणि फ्रेटबोर्डच्या टोकाच्या मधोमध येते. तेव्हा आठवलं, त्या दिवसांत माझ्या अंगठ्याला कापलं होतं. पिकअपच्या कडेवर तो टेकवला की दुखायचं, म्हणून मी हात पुढे नेऊन फ्रेटबोर्डच्या कडेला टेकवून वाजवत होतो. बोट बरं झाल्यावर हात आपोआप पिकअपवर परत आला, ब्रिजपासून साधारण १५ सेंटिमीटरवर. वहीत याची नोंद असण्याचं कारणच नव्हतं.

काल रात्री २१६ वर खडूची खूण करून तो तुकडा पुन्हा वाजवला. १६५ चा खड्डा आला. दोन्ही तुकडे जोडून डोळे मिटून ऐकले, सांधा सापडला नाही. वहीत आता चौथा रकाना आखलाय: ब्रिजपासून बोटाचं अंतर, मिलिमीटरमध्ये.