कुळागरात मेंढ्या पाळता येतील का?

कुळागर-डिचोली:
नमस्कार. डिचोली तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असून त्याला लागूनच भरडावर (उंचावरच्या कोरडवाहू जमिनीवर) काजूची बागायत आहे. सुपारी आणि काजू यांचे हंगाम सोडले तर वर्षातील बरेच दिवस रिकामे जातात, म्हणून जोडधंदा करावा असे मनात आहे. माझे मेहुणे सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात राहतात. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो असता उंच, बाकदार नाकाच्या माडग्याळ मेंढ्या पाहिल्या आणि मन त्यांच्यावरच बसले. गोव्यात मटणाला गिऱ्हाईक कमी नाही, तरी बाजारात येणारी जनावरे बहुतांशी घाटावरूनच येतात. पंचवीस माद्या आणि एक नर आणल्यास सुपारीखालचे गवतही परस्पर चरून निघेल, असा माझा हिशेब आहे. मात्र आमच्या पंचक्रोशीत एकही मेंढी दिसत नाही. यामागे काही कारण आहे, की कोणी प्रयत्नच केलेला नाही? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाचे अनुदान मिळते असेही ऐकले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा:
कारण आहे, आणि ते आभाळातून पडते. जतला वर्षभरात जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. माडग्याळ जात उघड्या, कोरड्या माळावर घडलेली आहे. तिला जून ते सप्टेंबर ओल्या जमिनीवर उभे केले तर खुरांच्या बेचक्या कुजतात, जनावर लंगडते आणि लंगडणारे जनावर चरत नाही. त्याहून मोठा शत्रू पोटात असतो. ओल्या गवतावरून जाणारे गोल जंत पोटात राहून रक्त शोषतात. अशा वेळी खालची पापणी उलटून पाहावी; ती लालसर असण्याऐवजी पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली, तर समजावे की उशीर झालेला आहे. भातशेतीच्या कडेला चारल्यास गोगलगायींमार्फत येणारा यकृतातील चपटा कृमी वेगळाच.

परंतु आपल्या प्रश्नातील ज्या वाक्याने मी दचकलो, ते सुपारीखालच्या गवताविषयीचे आहे. सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी आपण पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारत असाल. त्यातील मोरचूद म्हणजे तांबे, आणि ते थेंबाथेंबाने खालच्या गवतावरच उतरते. पाळीव जनावरांमध्ये तांब्याचा सर्वांत लवकर बाध होतो तो मेंढीला. ते यकृतात गुपचूप साठत जाते आणि एके दिवशी लघवी तांबडी होऊन धडधाकट दिसणारी मेंढी एक-दोन दिवसांत दगावते. याच कारणासाठी गाईचे खनिज मिश्रणही मेंढीला घालू नये, असे आम्ही सांगत असू. शेळीला हा धोका बराच कमी असतो, तरीही ताज्या फवारणीखाली तिलाही सोडू नये. थोडक्यात, आपले कुळागर हे मेंढीचे कुरण नव्हे.

मचाण-पेडणे:
डॉक्टरसाहेबांशी मी पूर्ण सहमत आहे; मात्र त्यामुळे आपण जोडधंद्याचा विचारच सोडून द्यावा असे मला वाटत नाही. मी शेळ्या पाळतो, कोकण कन्याळ जातीच्या. ही सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातली, आपल्यासारखाच पाऊस अंगावर घेतलेली जात आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या कुडाळ तालुक्यातील निळेली केंद्राने तिच्यावर बरेच काम केलेले आहे.

गोठा मात्र मचाणाचाच हवा. जमिनीपासून कंबरेइतकी उंच फळ्यांची तक्तपोशी, फळ्यांमध्ये लेंडी पडेल पण करडाचा पाय अडकणार नाही इतकी फट, आणि झड आत येणार नाही अशी छपराची पागोळी. खाली साठणारे लेंडीखत मी नारळाला घालतो. ते विकत घेण्याचा खर्च वाचतो, हा फायदा हिशेबात कोणी धरत नाही. पावसाळ्यात शेळ्यांना बाहेर सोडायचेच नाही. ओला पाला त्या खात नाहीत, म्हणून फणसाच्या डहाळ्या आदल्या दिवशी तोडून छपराखाली टांगाव्यात आणि तुरीचे भुसकट मे महिन्यातच भरून ठेवावे. काजूचा बोंडू त्या आवडीने खातात, पण एकदम फार खाल्ला तर पोट बिघडते. हुर्राक-फेणी या काजूच्या दारूसाठी रस काढून उरलेला चोथा वाळवून जनावरांना घालण्याचे प्रयोग जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेत झालेले आहेत. त्याविषयी तेथे जाऊन विचारावे.

आता पैशाचे. बोकड नगावर विकू नका, वजनकाटा घेऊन किलोवर विका. व्यापाऱ्याची नजर आणि काटा यांत नेहमी काटाच आपल्या बाजूने बोलतो. दुसरे, बकरी ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती, 2027 मध्ये मे महिन्याच्या मध्याला येईल. म्हणजे पुढील काही वर्षे चांगल्या भावाचा बाजार पावसाच्या तोंडावर भरेल आणि नर विकून गोठा हलका करूनच आपण पावसाळ्यात शिरू. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला, अव्यंग बोकड लागतो. शेळीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असल्यामुळे मी जानेवारी ते मे बोकड वेगळा ठेवतो, जेणेकरून जून ते ऑक्टोबर एकही वेत होत नाही. जून-जुलैत फळलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात, करडे कोरड्या दिवसांत वाढतात आणि पहिला पाऊस पाहतात तेव्हा त्यांच्या अंगात ताकद आलेली असते. नर दीड वर्षाचे होऊन ईदेला निघतात. यात एखादे वेत कमी मिळते, हे खरे. पण पूर्वी पावसाळ्यात जन्मलेली जी करडे मी हगवणीने गमावली, त्यांच्यापेक्षा हा तोटा स्वस्त आहे.

अनुदानाबाबत एवढेच सांगतो, की अभियानातील सर्वांत लहान प्रकल्पही 100 माद्या आणि 5 नरांचा असतो. त्याला खर्चाच्या निम्मे, कमाल 10 लाख रुपये मिळतात, परंतु उरलेला पैसा आपला किंवा बँकेचा. नवख्याने शंभराने सुरुवात करू नये.

गवळीवाडा-सत्तरी:
मटणापुरतीच चर्चा झाली, म्हणून म्हशीवाल्याचे दोन शब्द. गोव्यात गोमांसालाही मागणी मोठी आहे, पण जनावरे येत होती ती मुख्यतः कर्नाटकातून. तिथे 2021 पासून गोहत्याबंदीचा कडक कायदा लागू झाल्यावर पुरवठा वारंवार अडखळला. तेव्हा काहींनी मला सुचवले की रेडके पोसून विकावीत. मी दोन वर्षे करून पाहिले. रेडकू दूध प्यायले तर तेवढे दूध डेअरीत जात नाही, नाही प्यायले तर ते रोडावते, आणि पुढे दोन वर्षे पेंड-कोंडा विकत घालून हाती फारसे उरत नाही. कायद्यात बसणारे जनावर, त्याचा दाखला आणि अधिकृत कत्तलखाना ही साखळी लहान पशुपालकाला एकट्याने जुळवणे कठीण जाते. आमच्याकडे चराईही आटली आहे. 1999 मध्ये म्हादई अभयारण्य झाल्यापासून जुन्या वाटा राहिल्या नाहीत. शिवाय रानात गुरे सोडली की गोचीड घरी येते. 2015 पासून सत्तरीत गोचिडांमुळे माणसाला होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडू लागले, ते विसरू नका. शेळ्या काजूच्या रानात सोडणार असाल तर संध्याकाळी अंगावरचे गोचीड जरूर पाहा, आणि बिबट्यासाठी गोठ्याला जाळी मारा.

कुळागर-डिचोली:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. फवारणीचे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मेंढ्यांचा बेत सोडला. मेहुण्यांना फोन करून तसे कळवले आहे. पाच शेळ्यांपासून सुरुवात करीन, बोकड शेजारच्या गावातून आणता येईल. मचाण उन्हाळ्यातच बांधून घेतो. शेळ्या लगेच आणाव्यात की पाऊस संपल्यावर?

निवृत्त पशुवैद्य, फोंडा:
पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस. ज्यांच्याकडून घ्याल त्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या रोगांच्या लसी केव्हा टोचल्या ते विचारून लिहून घ्या. नोंद नसेल तर टोचलेल्या नाहीत असेच समजून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवी जनावरे गाईंच्या गोठ्यापासून तीन आठवडे दूर ठेवावीत, आणि शेजारचा बोकड आणण्यापूर्वी त्याला अंगावर खरूज नाही ना, हे स्वतः हात फिरवून पाहावे.