फ्रीबीएसडीतून केएसई थ्रेड लायब्ररी समूळ का काढली?

प्रश्न:
फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ५.३ आवृत्तीपासून, कर्नलमधील (सिस्टिमच्या गाभ्यातील) केएसई या यंत्रणेवर आधारलेली लिबपीथ्रेड ही मुख्य थ्रेड लायब्ररी, म्हणजे एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामे (थ्रेड) एकत्र चालवणारा तयार कोड, होती. फेब्रुवारी २००८ मधील ७.० आवृत्तीत तिची जागा लिबथ्र या दुसऱ्या थ्रेड लायब्ररीने घेतली आणि पुढच्याच महिन्यात विकासशाखेतल्या कर्नलमधून केएसईचा आधारही काढला गेला. चालती लायब्ररी पर्याय म्हणून ठेवली असती तर काय बिघडले असते? आणि तिच्याशी जोडलेल्या जुन्या प्रोग्रॅमचे काय झाले?

पहिले उत्तर:
अडचण लायब्ररीची नव्हती, तिला लागणाऱ्या कर्नलमधील कोडची होती. केएसईमध्ये अनेक थ्रेड मोजक्या कर्नल थ्रेडांवर फिरवण्याचे काम प्रोसेसमधला (चालू प्रोग्रॅममधला) शेड्यूलर, म्हणजे कोणता थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणारा कोड, करीत असे, आणि एखादा थ्रेड कर्नलमध्ये अडकला की कर्नल ‘अपकॉल’ करून त्या शेड्यूलरला तसे कळवीत असे, म्हणजे त्या वेळेत दुसरा थ्रेड चालवता यावा. कागदावर ही रचना देखणी आहे. पण सिग्नल (प्रोसेसला पाठवलेली सूचना) कोणत्या थ्रेडला द्यायचा, प्रोसेस संपताना कोणी कोणाला थांबवायचे, अशा प्रत्येक ठिकाणी कर्नलला केएसईसाठी वेगळी वाट ठेवावी लागे. त्याच सुमारास कर्नलच्या स्वतःच्या शेड्यूलरचे एकच मोठे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) मोडून त्याजागी बारीक लॉक आणण्याचे काम चालू होते, आणि त्यातला प्रत्येक बदल या दुसऱ्या वाटेवरही तपासावा लागत होता. लिबथ्रमध्ये एका थ्रेडमागे एकच कर्नल थ्रेड असतो. मायएसक्यूएल या डेटाबेससारख्या कामात ती वेगवानही ठरली. सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने तर २००२ मध्येच, नवव्या आवृत्तीत, हे वळण घेतले होते. माझ्या मते फ्रीबीएसडीला उशीरच झाला.

दुसरे उत्तर:
जुन्या प्रोग्रॅमसाठी ‘लिबमॅप.कॉन्फ’ या फाइलचा आधार होता. तीत ‘लिबपीथ्रेड.एसओ.२’ या नावापुढे ‘लिबथ्र.एसओ.२’ लिहिले की प्रोग्रॅम सुरू होताना लिंकर पहिलीऐवजी दुसरी लायब्ररी जोडतो. दोन्हींचा बाह्य इंटरफेस पॉसिक्स या सामायिक मानकाचाच असल्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. मात्र केएसईची लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे फाइलच्या आतच, जोडलेल्या बायनरीला (कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला) हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे सुरुवातीला लिंकर येतच नाही. तिचा स्रोत हाताशी असेल तरच मार्ग निघतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. एक शंका उरते. त्याआधीची लिबसी_आर ही थ्रेड लायब्ररी कर्नलची मदत घेतच नव्हती. मग तिलाही निरोप का दिला?

पहिले उत्तर देणारा:
कर्नलवर तिचा भार नव्हता हे खरे. परंतु तिच्यातले सर्व थ्रेड एकाच प्रोसेसरवर चालत, आणि एका थ्रेडने डिस्कवरून वाचायला घेतले की बाकीचे ताटकळत. शिवाय अडवून धरू शकणाऱ्या प्रत्येक सिस्टिम कॉलभोवती (कर्नलकडे केलेल्या मागणीभोवती) तिला स्वतःचे वेष्टन लिहावे लागे. तसा नवा सिस्टिम कॉल आला की वेष्टनही नवे, आणि ते लिहायला माणूस हवा.