काठीतली एअरगन: हवा भरून बघू का?

काळीकाठी: मंडळी, लिलावात जुन्या सामानाच्या लॉटमध्ये एक काळी जाडजूड चालायची काठी मिळाली. उचलली तर चांगलीच जड, मधे पिळलं तर दोन तुकडे झाले आणि आत चक्क बंदुकीची नळी निघाली! मुठीकडचा अर्धा भाग पोकळ, तोंडाशी व्हॉल्व्ह, बाजूला किल्लीसाठी चौकोनी भोक, पण चाप कुठेच नाही. नाव नाही, नंबर नाही. आटे शाबूत वाटतात, तर वायसर बदलून पंप जुळवला आणि थोडीशीच हवा भरून बघितली तर चालेल का?

भातावाला: नका भरू, प्लीज. ही १९ व्या शतकातली एअर केन, म्हणजे दाबलेल्या हवेने गोळी मारणारी काठी दिसते, इंग्लंडमध्ये अशा पुष्कळ बनायच्या, बऱ्याचशांवर कारागिराचं नावच नसतं. चाप नसतो असं नाही, किल्लीने आतली स्प्रिंग ताणली की एक छोटं बटण वर येतं तोच चाप. मुठीकडचा पोकळ भाग म्हणजे हवेची टाकी आणि भीती तिचीच आहे, कारण बाहेरून वार्निश कितीही छान असलं तरी आतून पत्रा गंजून किती उरलाय ते दिसत नाही, जोड दीडशे वर्षांचा, आणि गोळी मारताना ती टाकी तुमच्या गालाशी येते. आत तेलही सोडू नका, दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

पितळ_आणि_पत्रा: +१. जिरार्दोनीचं उदाहरण घ्या, ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास घेतलेली हवेवर चालणारी रायफल. दस्ता म्हणजेच टाकी, बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या, अंगठ्याने ठोकळा सरकवला की पुढची गोळी तयार. धूर नाही, बार भरायची कटकट नाही, आणि हे सगळं त्या काळात! पण टाकी भरायला पंप सुमारे १५०० वेळा मारावा लागायचा, आणि ती गळायची, फुटायची. नवीन असताना ही गत, तर आज काय असेल.

थोडं अवांतर होईल, पण अमेरिकन शोधक मेरिवेदर लुईसने १८०३ च्या मोहिमेत एअरगन नेली होती. ती एका वेळी एकच गोळी उडवणारी होती असंच बरीच वर्षं धरलं जायचं, मग ती बंदूक पाहिलेल्या थॉमस रॉडनीच्या त्याच वर्षीच्या डायरीतलं वर्णन संग्राहकांच्या नजरेत आलं, त्यात बावीस गोळ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे ती जिरार्दोनीसारखी असावी, आणि सगळा अंदाजच फिरला. एकही बार न उडवता लागलेला शोध आहे हा, मला तरी यातच खरी मजा वाटते.

काळीकाठी: बरं झालं विचारलं, पंप ठेवून दिला. आता नळीत टॉर्च मारला तर आत अजून एक नळी आहे, तिला पेचदार खाचा आहेत! ओढून काढू का?

भातावाला: वा, म्हणजे दोन्ही नळ्या आहेत! आतली खाचांची गोळीसाठी, ती काढली की बाहेरची गुळगुळीत, तिच्यात बारीक छर्रे भरायचे. आतली बऱ्याचदा हरवलेली असते म्हणून जपा. हाताने सहज आली तर ठीक, पकड लावू नका आणि पितळेला पॉलिश तर अजिबात नको. दोन्हींचे आतले व्यास मोजून टाका इथे, आणि त्याच लॉटमध्ये चिमट्यासारखा गोळ्यांचा साचा किंवा छोटी किल्ली आली होती का तेही बघा, पेटीत सगळं एकत्रच असायचं.