एमएससाठी वेगळी नर्स हवी का? तुमचं काय मत

पेठेतली_ताई: बहिणीला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. न्यूरोलॉजिस्ट चांगले आहेत पण ओपीडीत एमआरआय बघून गोळ्या लिहीपर्यंत पुढचा नंबर आत येतो, मग लघवी धरवत नाही, थकवा येतो, मूल होऊ द्यायचं तर औषध कधी थांबवायचं हे विचारायचं राहूनच जातं. ब्रिटनमध्ये याच आजारासाठी स्पेशालिस्ट नर्स असते, तिला फोन करता येतो. आपल्याकडे निदान मोठ्या हॉस्पिटलांत तरी एक हवी.

सरळ_बोलतो: ताई, कळतंय. पण इथे एकेका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. एमएसचं प्रमाण आपल्याकडे युरोपपेक्षा बरंच कमी, पॅरालिसिसचे आणि फिटचे पेशंट ढिगाने. त्यांना सोडून एमएसलाच वेगळी नर्स का?

लीड्सकर: मी इथे ब्रिटनमध्ये नर्स आहे, एमएसची नाही पण त्यांचं काम जवळून बघते. पेशंट फोन करतो, पाय परत जड झालेत, अटॅक आला वाटतं, म्हणजे एमएस पुन्हा उसळला. एमएसची नर्स आधी विचारते ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, आणि लघवी तपासायला लावते, कारण इन्फेक्शन झालं की जुनीच लक्षणं उफाळून येतात, तो नवा अटॅक नसतोच. हे बघितलं नाही तर पेशंटला उगाच रोज एक ग्रॅम स्टिरॉइड तीन ते पाच दिवस सलाईनमधून, तेही अंगात इन्फेक्शन असताना!

सरळ_बोलतो: मुद्दा मान्य. पण हे साधा एमडी पण विचारेल की. आणि फोनवर सिस्टरने सांगितलं काही नाही हो, आणि निघाला खराच अटॅक, मग जबाबदार कोण? तुमच्याकडे पण एकेकीच्या गळ्यात शेकडो पेशंट असतात ना.

लीड्सकर: असतात, आणि फोन कधीकधी दोन दिवसांनी येतो, ते काही खोटं नाही. पण ती एकटी ठरवत नाही, शंका आली की न्यूरोलॉजिस्टला गाठते.

सोलापूरहून: मला स्वतःला एमएस आहे. साधा एमडी विचारेल म्हणता? आमच्याकडे एकाने मानेचा स्पॉन्डिलायटिस म्हणून पट्टा दिलेला 😀 दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब या एमएसच्या औषधाच्या सलाईनला पुण्याला जातो, मधे काही झालं तर फोन रिसेप्शनिस्ट उचलते. २०१६ च्या कायद्यात एमएस दिव्यांगांच्या यादीत आलाय हे सुद्धा मला एमएस सोसायटी या पेशंटांसाठीच्या संस्थेच्या लोकांनी सांगितलं, हॉस्पिटलात कोणी नाही. पण सोसायटीवाले औषधाचं कसं सांगणार?

पेठेतली_ताई: एमएसपुरतीच नको हवं तर. एनएमओ, मायस्थेनिया असे न्यूरोचे इतर आजार आहेत, सगळ्यांना तीच सलाईनची रूम, तीच रक्ततपासणी. तिथल्याच एखाद्या अनुभवी सिस्टरला ट्रेनिंग आणि एक मोबाईल द्या.

सरळ_बोलतो: हे जरा जमण्यासारखं आहे. पण पगार कोण देणार? पेशंटच्याच बिलात 'नर्स कन्सल्टेशन' म्हणून आणखी एक ओळ वाढणार असेल तर माझा विरोध कायम.

सोलापूरहून: पुण्याच्या एका फेरीत गाडीभाडं आणि बायकोची रजा, त्यापेक्षा कमी ओळ असेल तर मी देतो की.